किती नीट केलंस!

मागच्या आठवड्यात दोन्ही मुलांच्या नोंदवह्या काढून बसले होते. आम्ही मुलांना घरीच शिकवतो, त्याला आता सहा वर्षं होतील, आणि पहिल्या दिवसापासून मी रोज रात्री चार-पाच ओळी खरडून ठेवते, कोणी काय केलं, कुठे अडलं, कशात रमलं असं. लेक अकराची आहे, धाकटा साडेआठचा. म्हटलं बघू तरी, ती साडेआठची असताना काय करत होती आणि हा आता काय करतोय. मुलांची तुलना करायची नसते हे मला माहितीये, मीच इतरांना सांगत असते, पण घरात कोणी बघत नसताना सगळेच करतात.

तर तिच्या वहीतलं एक पान. "आज भागाकाराची दहा उदाहरणं. अक्षर सुंदर. कंटाळा न करता बसली." दुसरं पान, "नकाशा रंगवला, किती नीट! धाकट्याला गोष्ट वाचून दाखवली, तेवढ्यात माझी कामं उरकली." आणि त्याच्या वहीत त्याच वयाला, "सर्किट पेटेना, तीनदा वायरी बदलल्या, शेवटी लागला दिवा. सोडत नाही पठ्ठ्या!" मग, "दिवसा चंद्र का दिसतो विचारलं, अर्धा तास त्यावरच गेला." मग, "भागाकार टाळला, पण ठीक आहे, आज सगळं लक्ष किड्यांत होतं."

मी पुढची पानं चाळत गेले आणि पोटात खड्डा पडला. तिच्या वहीत 'नीट' हा शब्द जवळपास दर पानावर. त्याच्या वहीत तो मला एकदाच सापडला, आणि तोही "नीट बस म्हटलं तर बसत नाही" असा.

आता गंमत बघा, शाळा नको म्हणून ज्या कारणांची यादी आम्ही तेव्हा केली होती त्यात हे एक कारण होतंच. डेव्हिड आणि मायरा सॅडकर या जोडप्याने अमेरिकेत वर्गावर्गांत बसून केलेल्या निरीक्षणांबद्दल मी तेव्हा वाचलं होतं, की मुलगे हात वर न करता ओरडून उत्तर देतात आणि शिक्षक ते ऐकून घेतात, मुलीने तसंच केलं तर तिला सांगतात, आधी हात वर कर. आणि हे करणाऱ्या शिक्षकांना आपण असं काही करतो याचा पत्ताच नसायचा. वाचून माझा संताप झाला होता. घरी हे होणार नाही, आमच्या घरी तर नाहीच नाही, असं मी छातीठोकपणे म्हटल्याचं आठवतंय.

शाळेत निदान बोट दाखवायला कोणीतरी असतं. बाई अशा, सर तसे, पुस्तकातली चित्रं जुनाट. घरी बाई पण मी, सर पण मी, आणि पुस्तकं पण मीच निवडलेली.

नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, तुझ्या वहीत असेल, मी दोघांशी सारखाच वागतो. मी काही बोलले नाही. आमच्याकडे जुने व्हिडिओ पडलेत ढिगाने, मुलांनी काहीतरी केलं की मी मोबाईल धरतेच. त्यातला एक लावला. बंद पडलेला रेडिओ उघडायचा कार्यक्रम, बाप आणि दोन्ही पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली. स्क्रू ड्रायव्हर धाकट्याच्या हातात, वय वर्षं पाच, त्याला तो धड धरता पण येत नाहीये. आणि लेकीला बाबा म्हणतोय, "ताई, तू टॉर्च धर हं, तुझा हात स्थिर असतो." पूर्ण बारा मिनिटं ती टॉर्च धरून बसलीये. मध्ये एकदा तिने विचारलं, हे गोल गोल काय आहे, तर बाबा म्हणाला "स्पीकर," आणि दोनच मिनिटांनी धाकट्याने तेच विचारलं तेव्हा त्याला चुंबक, कॉइल, थरथरणारा पडदा, आवाज कसा होतो, सगळी कथा. नवऱ्याने व्हिडिओ मध्येच थांबवला. थोड्या वेळाने म्हणाला, पण तिचा हात खरंच स्थिर असतो गं.

असतो. तेच तर आहे ना.

हे 'स्पीकर' प्रकरण काही आमच्याच घरचं नाही म्हणा. २००१ साली केविन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मुलांच्या एका म्युझियममध्ये विज्ञानाच्या खेळांपाशी आईबाप आपल्या मुलांशी काय बोलतात ते त्यांनी टिपलं होतं. बटण कसं दाबायचं, इकडे बघ, हे फिरव, असलं बोलणं मुलगे-मुली दोघांशीही होत होतं. पण हे असं का होतं हे समजावून सांगणं मुलग्यांच्या वाट्याला तिप्पट येत होतं. आया असोत की बाप, फरक नाही. आणि यातली काही मुलं तर एक ते तीन वर्षांची, म्हणजे त्या वयात कोण जास्त प्रश्न विचारतो वगैरे सबबीला सुद्धा जागा नाही. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते की यातल्या कुठल्याही आईबापाने मुलीला काही नाकारलं नव्हतं. उलट हौसेने तिला म्युझियममध्ये आणलं होतं, बटणं दाबू दिली होती. फक्त 'का' तेवढं राहून गेलं. लेकीच्या बाबतीत आम्ही अगदी हेच केलंय, सगळी साधनं तिला दिली, सगळे प्रयोग करायला लावले, आणि स्पष्टीकरण देताना एका शब्दात आटोपलं कारण तिला 'पटकन कळतं'. पटकन कळतं ही शाबासकी आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

शाबासकीबद्दल तर वेगळंच पुराण आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल, मुलांना 'हुशार आहेस' म्हटलं तर ती पुढे सोपंच काम निवडायला बघतात, 'मेहनत घेतलीस' म्हटलं तर अवघडाला हात घालतात. घरी शिकवणाऱ्या आईबापांना हे बहुधा तोंडपाठ असतं, मला पण होतं. पण त्याच वाटेने गेलेला २०१३ चा एलिझाबेथ गंडरसन यांचा अभ्यास मी बराच उशिरा वाचला. त्यात कोणी प्रयोगशाळेत वगैरे नव्हतं, घरी जाऊन, नेहमीचं चाललेलं असताना, मुलं १४, २६ आणि ३८ महिन्यांची असताना व्हिडिओ घेतले होते. एकूण कौतुक मुलगे-मुलींचं सारखंच. पण त्या कौतुकात 'छान प्रयत्न केलास', 'कसं शोधून काढलंस' अशा जातीचं कौतुक मुलग्यांच्या बाबतीत २४ टक्क्यांच्या आसपास आणि मुलींच्या बाबतीत १० टक्के. सव्वा वर्षाचं, तीन वर्षांचं पोर हो! आणि ज्यांना हे प्रयत्नाचं कौतुक जास्त मिळालं ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड गोष्टींकडे जास्त आनंदाने बघत होती.

मग मी माझी वही परत उघडली. "अक्षर सुंदर." "किती नीट!" "शहाण्यासारखी बसली." हे सगळं झालेल्या गोष्टीबद्दल आहे, किंवा ती कशी आहे त्याबद्दल. ती काय झगडली त्याबद्दल एक ओळ नाही. आता तीच लेक नवीन काही सुरू करायच्या आधी विचारते, "बरोबर यायलाच पाहिजे का?" आणि मी तिला म्हणते, अगं चुकलं तर चुकू दे की. म्हणजे सहा वर्षं मी नीटपणाला टाळ्या वाजवल्या आणि आता तिला म्हणते चुकायला घाबरू नकोस. मी तिच्या जागी असते तर मला आईचा राग आला असता.

बरं, आता इथे एक मुद्दा आहे ज्यावर मी बराच काळ स्वतःला फसवलं. आमचं शिकवणं मुलांच्या कलाने चालतं. वेळापत्रक असं फारसं नाही, ज्यात जीव रमेल त्याच्या मागे जायचं. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट यांनी १९७७ साली 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ केला तेव्हापासून या वाटेने जाणाऱ्यांचा विश्वास हाच की मूल स्वतःच शिकतं, आपण फक्त आड यायचं नाही. मला आजही हे मनापासून पटतं. पण 'मुलाचा कल' म्हणजे नक्की काय असतं हो? लेकीने एकदा मोटार लावून पंखा केला, मी म्हटलं "अरे वा" आणि हातातलं काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी तिने फुलांचा तक्ता केला, रंगीत, मी तो भिंतीवर लावला, आजीला फोटो पाठवला, चार लोकांना दाखवला. पुढच्या महिन्यात तिचा कल कशाकडे दिसणार? आणि मग मीच वहीत लिहिणार, "हिला चित्रकला आणि वनस्पतींची आवड." लिहिलंय मी तसं. आईचे डोळे कशाने चमकतात हे पोरांना शाळेच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त चटकन वाचता येतं, आणि घरी शिकणाऱ्या पोरांपुढे तर दिवसभर तेच दोन डोळे असतात.

कोणी म्हणेल, मुलगे आणि मुली मुळातच वेगळे असतात, तू उगाच स्वतःला कोसतेस. असतीलही थोडे वेगळे. मी नाही म्हणत नाही. पण मीच काटा मारत असेन तर खरं वजन किती ते कळणार कसं? अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांवर २००० सालचा एक अभ्यास आहे, आयांना एक उतार दाखवून विचारलं की तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल. मुलग्यांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्ष रांगायला सोडलं तर दोघं सारखीच निघाली. माझ्या व्हिडिओंमध्ये झाडावर चढताना लेकीला मी "सांभाळ, सांभाळ" म्हणतेय आणि धाकट्याला "अजून एक फांदी!" झाड एकच आहे.

आणि हा उतार पोरं स्वतःच्या मनात पण आखून घेतात, तेही किती लवकर. २०१७ मध्ये लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच वर्षांच्या मुलींना 'खूप खूप हुशार माणूस' म्हटलं की बाईच डोळ्यापुढे येते, मुलग्यांना पुरुष येतो. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचं हे बदलू लागतं, आणि खूप हुशार लोकांसाठीचा खेळ आहे म्हटलं तर त्या मागे सरतात. मी लेकीला घरी शिकवायला घेतलं तेव्हा ती पाचचीच होती. तेव्हापासून तिच्या कानावर पडणारे बहुतेक शब्द माझेच होते.

एरवी इतिहासात डोकावलं तर घरचं शिक्षण म्हणजे मुलींसाठी नशिबाचाच खेळ होता, बाप कसा निघतो त्यावर सगळं. जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सझोन आणि तिचा धाकटा भाऊ फेलिक्स, दोघं घरीच शिकले, दोघांचे संगीताचे गुरू पण एकच, पियानोवर दोघांचाही हात असा की ऐकणारे थक्क. आणि १८२० मध्ये बापाने फॅनीला पत्रात कळवलं की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त दागिना राहिला पाहिजे. ती तेव्हा चौदा वर्षांची. पुढे तिची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली आणि व्हिक्टोरिया राणीला फेलिक्सचं म्हणून जे गाणं विशेष आवडलं ते निघालं फॅनीचं. त्याउलट अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, रानात जाऊन राहिले, आणि त्या रानात त्या शिकलेल्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे आपल्या लेकीला शिकवलं. ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई. हंगेरीतल्या लास्लो पोल्गारांनी तर तिन्ही मुलींना घरीच बुद्धिबळावर वाढवलं, त्यातली ज्युडित १९९१ मध्ये १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, सगळ्यात लहान वयात तिथे पोचण्याचा बॉबी फिशरचा विक्रम मोडून. हे उदाहरण आमच्यासारखे लोक फार उगाळतात. मला मात्र हल्ली त्यातली एकच गोष्ट दिसते, पोल्गारांच्या घरात मुलगा नव्हता. टॉर्च कोणाच्या हातात द्यायचा हा प्रश्नच कधी आला नाही.

टॉर्चवरून आठवलं. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत थोरली मुलगी नकळत अर्धी शिक्षिका होते, यावर आम्ही लोक फारसं बोलत नाही. एक आई, दोन-तीन पोरं, वेगवेगळी वयं, कोणाला तरी हाताशी घ्यावंच लागतं आणि जी ऐकते तिला घेतलं जातं. धाकट्याला अक्षरं कोणी शिकवली? ताईने. पाढे? ताईने. मी वहीत "जबाबदारीची जाणीव", "शिकवता शिकवता शिकते" असं लिहून त्याला शिक्षणाचा मुलामा दिला. शिकवल्याने आपलंही पक्कं होतं हे खोटं नाही. पण तिला काय पक्कं होत होतं? तिला आठव्या वर्षी येत असलेलेच पाढे. तेवढ्या वेळात तो अंगणात मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघत पालथा पडलेला असायचा, आणि ते पण शिक्षणच होतं, जास्त चांगलं शिक्षण होतं.

तर मी ठरवलं, मोजायचं. मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या टेप ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त विचारपूर्वक येतात. म्हटलं आपणही थांबण्याचंच बघू. पोर अडलं की मी मदतीला किती वेळात धावते, मनातल्या मनात आकडे. पहिल्याच दिवशी लाज वाटली. लेक अडली की सात-आठ आकड्यांतच माझा हात पुढे. धाकटा अडला की मला मोजायचं लक्षातच राहत नव्हतं, तो आपला करत बसायचा, मी दुसऱ्या खोलीत. हेच ते, मी मनाशी म्हटलं, त्याला स्वातंत्र्य आणि तिला कुबड्या. मग तिच्या बाबतीत दात-ओठ खाऊन थांबायला लागले.

चौथ्या दिवशी ती पुठ्ठ्याची दातेरी चाकं जुळवत होती, एक फिरवलं की दुसरं उलट फिरलं पाहिजे, पण दाते एकमेकांत बसत नव्हते. मी शेजारी बसून मोजतेय. वीस. तीस. पंचेचाळीस. तिने वर बघितलं.

"आई, तू मोजतेयस ना?"

मी गप्प.

"ओठ हलतात तुझे. अगं पण आत्ता मला खरंच कळत नाहीये, सांग ना हे का अडकतंय."

म्हणजे जिथे 'का' द्यायचं होतं तिथे मी आता थांबण्याचा प्रयोग करत बसले होते. आम्ही दोघींनी मिळून दाते मोजले, दोन चाकांवरचं दात्यांमधलं अंतर वेगवेगळं पडलं होतं, मग सारखं अंतर कसं काढायचं यावरून परीघ, त्यावरून गणितातला पाय (π), आणि तास कसा गेला कळलं नाही. तिच्या हाताला फेविकॉल, फरशीवर पुठ्ठ्याचे तुकडे, काहीही नीट नव्हतं. मी मनात म्हणतेय, वा, जमलं एकदाचं.

धाकटा दारात उभा होता, केव्हापासून ते माहीत नाही. हातात त्याची वही. तो वहीला हात लावत नाही सहसा, लिहायचं म्हटलं की पळतो, आणि आम्ही पण सोडून देतो, मुलगा आहे, हात वळेल हळूहळू, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं, वगैरे वगैरे.

"माझ्यासाठी पण मोजतेस का तू?" त्याने विचारलं.

"मोजते की."

"मग किती झाले की येतेस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याने वही पुढे केली. मुंग्यांबद्दल काहीतरी लिहायला घेतलं होतं त्याने, स्वतःहून, तीन ओळी, त्यातली अर्धी अक्षरं एकमेकांवर चढलेली, दोन शब्द खोडून खोडून कागद फाटलेला. "सकाळपासून करतोय," तो म्हणाला. "ताईला सगळं दाखवतेस तू. मला नुसतं म्हणतेस, बघ, जमेल तुला."

सकाळी मी त्या खोलीवरून दोनदा गेले होते. एकदा तर त्याला वहीवर वाकलेलं बघून मुद्दाम आत गेले नाही, म्हटलं रमलाय, आड यायला नको.

मी सरकून जागा केली. तो आणि ती वही, दोन्ही माझ्या मांडीपाशी आले. 'मुंगी' मधला अनुस्वार कुठे द्यायचा इथून सुरुवात झाली. लेक चाकं फिरवत बसली होती, तिने मध्येच टॉर्च लावून आमच्या वहीवर धरला, मग स्वतःच "नको, माझं राहिलंय" म्हणून बंद केला आणि आपल्या पुठ्ठ्याकडे वळली.

रात्री दोन्ही वह्या घेऊन बसले. तिच्या वहीत पाऊण पान झालं. त्याच्या वहीत तारीख टाकली आणि बराच वेळ काही सुचेना, शेवटी त्याने विचारलं तेच तेवढं उतरवून ठेवलं, किती झाले की येतेस.